सारख्या वजनाच्या दोन म्हशी

हे मी आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

लढाईच्या आधीची गोष्ट. वलवणला मजुरांसाठी चाळ बांधायची होती. त्या जागेवर ज्यांची घरं होती तीही माणसं चाळीतच जायची होती. छप्पर पत्र्याचं की गवताचं, एवढंच ठरायचं होतं. मी त्या कामावर कारकून. साहेबांनी श्रावणात मला ऊब मोजायच्या पाऱ्याच्या दोन नळ्या दिल्या. एक नमुन्याच्या पत्र्याच्या खोलीत टांगायची, दुसरी तिथल्याच एका मावशीच्या गवतानं शाकारलेल्या घरात. सकाळ-दुपार आकडे टिपायचे. जे घर ऊब धरेल, त्याचं छप्पर चाळीवर.

पहिल्याच आठवड्यात मावशीचं घर पुष्कळ उबदार निघालं.

"आत कोण असतं?" साहेबांनी विचारलं.

"मावशी आणि म्हैस."

साहेब खूश झाले. "मग ही ऊब म्हशीची! बाहेर काढा तिला."

मावशी म्हणाली, "व्हय? अन् पावसात ती आजारी पडली तर दूध तुजा सायेब देनार का?"

शेवटी लेखी हुकूम निघाला : दोन्ही घरांत सारख्या वजनाची म्हैस असावी.

दुसरी म्हैस मी शोधून आणली. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की ती दारातच पाय रोवून उभी राहिली. मी मागून रेटतोय आणि मावशी आपल्या ओट्यावरून ओरडतेय, "भाऊ, तिला आकडं वाचून दाखव, मंग जाईल आत!"

दुसऱ्या दिवशी मावशीच्या घरात मी आकडा बघत असताना तिच्या म्हशीनं शेपटी झाडली. नळी फुटली.

"म्हशीनं फोडली म्हनून सांग की," मावशी म्हणाली. "तिला काय कामावरनं काढत्यात?"

मला काढलं असतं. मी साहेबांना कळवलंच नाही. पुढं महिनाभर मावशीच्या घराचे आकडे मी मनानंच लिहिले. फार फरक दिसला तर साहेब स्वतः बघायला येतील, म्हणून पत्र्याच्या खोलीचा आकडा घ्यायचा आणि अर्धा अंश इकडंतिकडं करायचा. साहेबांनी निकाल दिला : म्हैस समान ठेवल्यास गवत आणि पत्रा सारखेच. चाळीवर पत्रे चढले.

पावसाळ्यात तिथं माणसं कुडकुडतात, उन्हाळ्यात भाजून निघतात, हे कानावर यायचं. मी तिकडं फिरकत नव्हतो. गेल्या श्रावणात मात्र हुकूम घेऊन जावंच लागलं : मावशीनं चाळीतल्या आपल्या खोलीच्या पत्र्यावर गवत घातलंय, आग लागेल, काढायला लावा. बाहेर पाऊस कोसळत होता.

"आला का आकडंवाला?" मावशी म्हणाली. ती फार थकली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं.

 ती म्हणाली, "त्या नळीच्या काचा मीच झाडल्या. वाटलं, दुसरी नळी खिशातनं आणत आसशील. आमी हितं गारठायचो, तर म्या शेजारनीला सांगायची, भाऊनं मोजलंय, फरक न्हाई. गवतात ऊब हुती ती आपल्याला उगी वाटायची."

मी हुकमाचा कागद घडी करून खिशात घातला.

"आता मोज," ती म्हणाली.

तिची खोली आणि शेजारणीची नुसत्या पत्र्याची खोली आठवडाभर मोजली. फरक ढळढळीत होता. खरे आकडे पाठवले. नव्या साहेबांनी जुनी फाईल काढून विचारलं, दोन्ही खोल्यांत म्हशी सारख्या होत्या काय? नसल्यास मोजणी पुन्हा करावी. तोवर गवत हलवू नये.

मावशी हसत सुटली. "मंग आन की म्हशी!"

सारख्या वजनाच्या दोन म्हशींचा शोध चालू आहे, असं मी दर महिन्याला कळवतो. खरं सांगायचं तर, शोधत नाही.