ऑकलंडहून देवासला

उमाशंकर साळुंक्यांची उभी हयात देवास-धार रस्त्यावर बस चालवण्यात गेली. विनोदिनीला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेही त्याच बसमध्ये, ती धारला घरी जाताना. आता ती देवासच्या घरात पोटाच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळली होती.

डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "दोन-तीन दिवसांची सोबत आहे. इंजेक्शन दिलं तर दुखणं थांबेल, पण ग्लानी येईल. मग त्या माणसं ओळखतील याचा भरवसा नाही."

दुपारी ऑकलंडहून मुलीचा, वैभवीचा फोन आला. "बाबा, एअरपोर्टवर आहे, निघालेच," एवढंच ती रडत बोलली.

मुलानं, भूपेंद्रनं मोबाइलवर शोधलं. "बाबा, ऑकलंड ते इंदूर बारा हजार किलोमीटरच्या वर. फ्लाइट टाइम पंधरा घंटे लिहिलंय."

उमाशंकरांनी मान डोलावली. बस घाटाबिल्लोदला थांबते, बेटम्याला थांबते. आकाशात विमानाला हात दाखवून कोण थांबवणार?

ते आत गेले. "विनू, उद्या सकाळी वैभवी घरात असेल."

"खरंच?"

"पंधरा तासांचा तर रस्ता."

"मग ते इंजेक्शन नको," विनोदिनी म्हणाली. "तिला बघेन, दोन शब्द बोलेन, मग द्या."

त्यानंतर तिनं जे सोसलं ते उमाशंकर तिच्या उशाशी बसून बघत राहिले. ती पदराचा बोळा दातांत धरायची. इंजेक्शनसाठी घरी ठेवलेल्या नर्सनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिनं नको म्हणून मान हलवली.

सकाळी फोन वाजला तो सिंगापूरहून. पहिलं विमान उशिरा पोचलं होतं, दिल्लीचं निघून गेलं होतं. दुसरं संध्याकाळी. इंदूरला येईस्तोवर आणखी एक दिवस जाणार होता.

"सिंगापूर? दिल्ली?" उमाशंकर भूपेंद्रवर ओरडले. "तू तर पंधरा तास म्हणालास!"

भूपेंद्रनं पुन्हा मोबाइल काढला. "बाबा, नीचे लिहिलंय... हे सीधी लाइनचं आहे. इंदूरला डायरेक्ट विमानच नाही. मी पूरा पढलाच नव्हता."

आतून विनोदिनीनं विचारलं, "आली का हो?"

खोटं सांगावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून जीभ वळेना.

"नाही गं. उद्या येईल. माझीच चूक झाली."

विनोदिनीत रागावण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

"आधी कळलं असतं तर..." ती म्हणाली, आणि नर्सपुढे हात केला.

दुसऱ्या दिवशी वैभवी आली तेव्हा आईचा श्वास चालू होता. तिनं गालाला गाल लावून हाका मारल्या, पायांना हात लावला, पुन्हा हाका मारल्या. डोळे उघडले नाहीत. दिवेलागणीला श्वासही थांबला.

तेरावं झाल्यावर, बॅग भरता भरता वैभवीनं विचारलं, "बाबा, आईला फार त्रास झाला का?"

भूपेंद्र दारात उभा होता. तो खाली बघू लागला.

"नाही बेटा," उमाशंकर म्हणाले, "झोपेतच गेली ती."

वैभवीला तेवढ्यानं बरं वाटलं. ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि उमाशंकर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.