निवडणारा हात
निपाणीजवळ एक शेतकरी तंबाखू करी. बोलण्याआधी पान चिमटीत धरून बघायची त्याला खोड होती. पाचसहा भरदार झाडांना चिंधी बांधून तो बियाण्याला राखी आणि बाकीच्यांचे शेंडे खुडून टाकी. सदा अनवाणी, का, ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

मी शाळामास्तर, शिकवल्याशिवाय राहवत नाही. एकदा बांधावरून म्हणालो, "विलायतेतल्या एका शास्त्रज्ञानं लिहिलंय, तुम्ही रानात करता तशीच निवड सगळ्या जीवांत लाखो वर्षं चाललीय. काही टिकतात, काही जातात."

"व्हय? आन् निवडतंय कोण?"

"कोणीच नाही. आपोआप होतं."

त्याचा खुडणारा हात थांबला. "प्लेगात माज्या दोन पोरी गेल्या, मास्तर. देवीचा कोप म्हणाले सगळे. माजंच कायतरी चुकलं म्हणून वहाणा सोडल्या. कुणीच न्हाई म्हंतायसा?"

मी हळूच म्हणालो, "कुणीच नाही."

त्यानं मान हलवली आणि पुढचं झाड धरलं.

पुढच्या बाजाराला तो दिसला. पायांत कोऱ्या वहाणा होत्या. चालत मात्र अजून अनवाणी माणसासारखाच होता, जमीन बघत, जपून.