शेवटच्या पानावर चौसष्ट

एक कोटीला एकशेआठने भाग जात नाही. गणिताच्या शिक्षिकेला हे कळायला कागदही लागू नये. पण आमच्या घरात पन्नासएक वर्षं, रोज पाचेक पानं, प्रत्येक पानावर एकशेआठ वेळा विठ्ठलाचं नाव लिहून कोटी भरत आणली गेली आणि हा भागाकार कुणी केलाच नव्हता. मीही नाही. दोन्ही संख्या पवित्र, तेव्हा त्या एकमेकींत नीट बसणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

कोटी आजीने सुरू केली. ती गेल्यावर आईने हाती घेतली. इथे कुंभकोणमला डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिची नजर फार तर सहा महिने टिकेल म्हणून सांगितलं, त्या संध्याकाळी आईने इथल्या तमिळ लाडाच्या हाकेने मला विचारलं, "किती पानं उरलीं, कण्णा?"

मी खाटेखालच्या वह्या मोजल्या. "दोनशे पानं आणि वर चौसष्ट नावं. शेवटचं पान काही भरायचं नाही."

मग कुणी विचारलं नसताना वर्गात सांगते तसं सांगितलं. कोटी नुसत्या दोन आणि पाचांच्या गुणाकाराने बनलेली, तिच्यात तीन एकदाही नाही. एकशेआठमध्ये मात्र तीन तीनदा येतो. कोटीवर कितीही शून्यं चढवा, बाकी राहणारच. हे सांगताना मला चक्क मजा वाटत होती. आठवलं की अजून लाज वाटते.

"तें पान रितें ठेवायचें?" एवढंच आई म्हणाली. पुढचे तीन दिवस तिने पेन हातात धरलं नाही. तिची नजर चालली होती आणि मी तिला बाकी समजावत बसले होते. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "सरि. चौसष्ट तर चौसष्ट," आणि वही पुढे ओढली.

शेवटच्या पानापर्यंत पोचली तेव्हा तिला ओळी दिसेनाशा झाल्या होत्या. मी शेजारी बसून मोजत होते. मधेच तिचा हात घसरला आणि दोन नावं आधीच्या दोन नावांवर चढली. चौसष्ट झाल्यावर थांबून तिने विचारलं, "सगळीं नीट उमटलीं कां?"

अर्ध्या मार्कासाठी मुलींना रडवणारी मी. म्हटलं, "सगळी नीट."

वर चढलेली दोन सोडली तर पानावर बासष्टच वाचता येत होती. भरलेल्या कोटीच्या वह्या जिथे ठेवतात त्या मठात वही द्यायच्या आधी खालच्या रिकाम्या जागेत मी दोन नावं लिहिली, आयुष्यातली पहिलीच. आता कोटी बरोबर भरली की दोनने वर गेली, हे मला ठरवता येत नाही. ते सांगू शकेल अशी एकटी आईच आहे, आणि तिला विचारायचं तर आधी मी खोटं बोलले ते सांगावं लागेल.