वाघरीखालची जागा

दिवाळी सरली की आमचं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि आम्ही मेंढरं घेऊन सिल्लोडकडून गंगापूरच्या बाजूला, गोदाकाठी निघायचो. त्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं, एसटी बंद होत्या. वाटेत शेंद्र्याजवळ माझ्या धाकट्या बहिणीला जुलाब लागले. बा तिला खांद्यावर घेऊन शहराकडे चालत निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. खांद्यावरच्या पोरीचं तोंड त्यानं पटक्यानं झाकलं होतं.

एका शेतकऱ्यानं पडीक रानात बांधालगत जागा दिली. मूठमाती दिल्यावर कोल्ही उकरतील म्हणून बानं नेमकी त्याच जागेवर वाघर लावली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. सगळा कळप रात्रभर बहिणीच्या मातीवर बसला. सकाळी खुरांनी आणि लेंड्यांनी माती अशी दडपली होती, की कुठं खणलं ते आम्हालाही कळेना.

"दोन दिस इथं ऱ्हाऊ," माय म्हणाली.

"मग मेंढरांनी काय माती खायाची? चल."

बाचा मला भयंकर राग आला. पण रानात चारा उरला नव्हता हे मलाही दिसत होतं. आम्ही चालू लागलो.

पुढच्या साली शेंद्रा जवळ आलं तशी माय कळपाच्या पुढे चालायला लागली. वाळल्या रानात एवढाच एक तुकडा लेंडीखतानं गडद हिरवा होता. माय तिथं जाऊन बसली आणि मेंढरांवर खेकसत राहिली, "तिचं हाय ते. तोंड लावू नगा." दिवस मावळताना बानं पुन्हा तिथंच वाघर लावली. दुसऱ्यांच्या शेतात मेंढरं बसवली की आम्ही धान्य घ्यायचो. या शेतकऱ्याकडून बानं कधी पसाभर ज्वारी घेतली नाही. दर साली हे असंच.

मग शेंद्र्याला एमआयडीसी आली. पडीक गेलं, बांध गेला, भिंती उभ्या राहिल्या. बासुद्धा गेला. मेंढरं विकून मी तिथल्याच एका कारखान्यात लागलो. पहिल्या दिवशी घरी आलो, तर मायनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तिथं गवत हाय का रं?"

"लई हाय," मी खुशीत सांगितलं. "फाटकापासून पार आतपर्यंत लॉन केलंय. रोज पाणी देतात. उन्हाळ्यातबी हिरवंगार."

"समदीकडं सारखंच?"

"व्हय."



"मग ती कुठं हाय, ते कसं कळायचं?"