कोंडूमामाचा कायदा

कोंडूमामा कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जातं. सगळी उमर नारपोलीच्या कापड कारखान्यात लूम दुरुस्त करण्यात गेली. त्या खडखडाटावर आवाज चढवता चढवता तो चढलेलाच राहिला. टेमघरच्या आमच्या गल्लीत त्याची नक्कल माझ्याइतकी कुणाला जमत नाही. डावा हात कमरेवर, उजवं बोट भुवईवरच्या व्रणावर, आणि मग, "ह्यो बघ! फुकाट न्हाय मिळाला!"

व्रणाची गोष्ट गल्लीला पाठ आहे. तरुण मामा नवी मोटारसायकल घेऊन गावात शिरला. मोठ्या घरापुढं आमच्या माणसानं गाडीवरून उतरून ती ढकलत न्यायची, अशी तिथली रीत. मामा उतरला नाही. डोकं फुटलं. तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात एकटाच गेला, तर दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. पुढं अॅट्रॉसिटीची केस उभी राहिली, पण त्या बाकावरच मामानं गल्लीसाठी नियम ठरवला: आपल्यातल्या कुणाला मार पडला तर पोलीस ठाण्यात एकट्यानं जायचं नाही. मामा विहारातल्या माईकवरून पुकारणार, आणि हातातलं टाकून सगळ्यांनी निघायचं.

अॅट्रॉसिटीच्या कायद्याबद्दल तर तो असा बोलतो, जणू सातबारा त्याच्या नावावर आहे. म्हणून तर चहाच्या टपरीवर तुळशीरामकाका त्याला डिवचतात. काकांच्या जमिनीवर गोदामं उभी आहेत, तरी कोंडूमामाचा हेवा सुटत नाही. गालात पान धरून शेवटचा शब्द लांबवत म्हणणार, "तुमचं बरंय रं कोंडू. हात लावला का कायदा. आमी काय सावत्रऽ?"

मामा चहा तसाच ठेवून उठतो. "मग खा ना मार! घे तूपन कायदा!"

मागच्या महिन्यात माझा भाऊ, नागसेनदादा, आणि त्याचा जोडीदार भावेश अंबाडी नाक्यावर रस पीत उभे होते. दोघं एकमेकांचे कोण, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे; बोलत कुणी नाही. नाक्यावरच्या पोरांनी मात्र मोठ्यानं बोलून दाखवलं, आणि मग हाणलं. दादाचं मनगट मोडलं.

प्लास्टरमधला हात घेऊन दादा मामाकडे गेला, मागोमाग मी. नशीब बघा, टीव्हीवर नेमकी तीच चर्चा चालू. समलिंगी लोकांवर द्वेषातून हल्ला झाला तर वेगळा कायदा हवा का? चौकटीत बसलेली माणसं एकमेकांवर ओरडत होती. एक म्हणे समाजाची वीण उसवेल, दुसरी म्हणे हाडं मोडतात त्याचं काय. मध्येच मुंबईत मेणबत्त्या घेऊन उभे राहिलेले लोक दाखवले.

"बघ, बघ!" मामा उसळला. "आमच्या टायमाला मेणबत्ती सोड, काडेपेटी घेऊन कोन न्हाय आला!"

"तुमीच एवढे पेटलेले," चंपामामी म्हणाली. "काडी कशाला लागतीय?"

"मामा," दादा म्हणाला, "माईक लावा. मला ठाण्यात जायचंय."

मामानं टीव्हीवरची नजर हलवली नाही. "ते जातीसाठी हाय, भाच्या. तुझं येगळं."

"मनगट तर तसंच मोडलं ना."

"आमी पिढ्यानपिढ्या मार खाल्ला, तवा कुठं कायदा आला. आनि तुमी काल टीव्हीवर आले! तुमचं बरंय. हात लावला का कायदा. आमी काय सावत्रऽ?"

मी कान टवकारले. शब्द तेच, शेवटचा हेलसुद्धा तोच. मला राहवेना. गालात जीभ धरून, पान असल्यासारखी, मी तेच वाक्य तुळशीरामकाकांच्या आवाजात पुन्हा म्हटलं. "सावत्रऽ" जरा जास्तच लांबवलं.

मामीनं टीव्ही बंद केला.

मामाचं बोट भुवईवर गेलं आणि तिथंच राहिलं. मग चपला न घालताच तो विहाराकडं निघाला. थोड्या वेळानं कर्णा खरखरला. "जय भीम. आपल्या नागसेनला मारलंय. का मारलं ते वाटंत सांगतो. निघा."

पिठाच्या हातांनी बाया आल्या. शिफ्ट संपवून परतणारा शेजारचा लूमवालाही थांबला. "किधर चाचा?"

"पुलिस ठाना. चल."

वाटेत सीताबाईनं विचारलं, "का रं मारलं पोराला?"

मामानं दादाकडे पाहिलं. "सांगू?"

"सांगा."

मामा तिच्या कानाशी कुजबुजला. म्हणजे सगळ्या टेमघरला कळलं. सीताबाई थबकली, पदर खोचला आणि दादाच्या बाजूनं चालू लागली.

ठाण्यात बाकावर कुणी बसवलं नाही. एवढी माणसं बसवणार कुठं? "मारहाणीची कलमं लावतो," साहेब म्हणाले. "यांच्यासाठी वेगळा कायदा नाही." क्षणभर मामाचा चेहरा खुलला, खरं सांगते. मग दादाचं प्लास्टर दिसलं आणि तो घसा खाकरून म्हणाला, "मग का मारलं ते तरी लिवा. पुरं लिवा."

साहेबांनी लिहिलं.

बाहेर भावेश मुंबईची वकीलबाई घेऊन आला होता. तिनं दादाचा आणि भावेशचा फोटो काढला. मामा सरकत सरकत चौकटीत घुसला, भुवई पुढं करून.

"तुम्ही जरा बाजूला, काका," ती म्हणाली.

परतताना मामा रिक्षात पुढं बसला. टेमघर आलं तेव्हा म्हणाला, "तुमचा कायदा झाला ना, तर पहिली सभा आपल्या विहारात. अध्यक्ष मी."

"आनि मेणबत्त्या?" मामीनं विचारलं.

"वंदनेच्या खोकाभर हाईत. मुंबईची एक लागायची न्हाय!"