शेणानं लिंपलेले गुलाब

काही प्रकरणं वर्दी उतरवली तरी डोक्यातून उतरत नाहीत. राजवाड्याच्या बागेतलं हे त्यातलंच.

मी माण तालुक्यातला. शाळा सातवीतच सुटली. पोलीस खात्यानं सांगलीकडं नेऊन पोटाला लावलं, ते उपकार विसरत नाही. पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की पेन अडायचं. नवे फौजदार साहेब पदवीधर, माझ्या मुलाच्या वयाचे, पंचनामा झरझर लिहायचे. खरं सांगतो, पोटात दुखायचं.

एका सकाळी राजवाड्याच्या तिकीट खिडकीवरून फोन आला. बागेतले सगळे गुलाब कुणीतरी छाटले होते. आदल्या संध्याकाळी शेवटी बाहेर पडलेला पर्यटक कॅमेऱ्यात दिसला. कॉलेजचा पोरगा, हातात गुलाब. दुपारी ठाण्यात आणला.

"साहेब, एक फूल तोडलं, कबूल हाय. बाकीचं मी न्हाई केलं. परवा सैन्याची भरती हाय. गुन्हा नोंदला तर संपलंच की ओ सगळं."

साहेबांनी पेन उघडलं. मी म्हणालो, "साहेब, नोंदायच्या आधी एकदा बाग बघून येतो."

नोकरीच्या सुरुवातीला मी वरिष्ठांच्या बंगल्यावर तीन वर्षं बागकाम केलं होतं. त्यामुळं झाडं बघताच थबकलो. प्रत्येक काप तिरपा, नवा फुटवा येतो त्या डोळ्याच्या बरोबर वर. आणि कापलेल्या टोकांना शेणमातीचा लेप! नासधूस करणारा औषध लावून जात नाही.

म्हातारा माळी हौदाजवळ बसला होता. मीही टेकलो.

"मामा, नासायचंच हुतं तर शेण कशाला लावलं?"

त्यानं हाताची माती झटकली. म्हणाला, "झाडाचा काय गुन्हा, आवं? तीस वर्सं मी वाढवली. पाटी लागली नव्या डिप्लोमावाल्या माळ्याच्या नावाची. लोक त्याच्यासंगं फोटू काढत्यात, मला म्हणत्यात बाजूला सरका. म्हटलं, महिनाभर तरी फुलाबिगर उभा राहू दे."

जबाब झाला. राजवाड्याच्या ट्रस्टनं तक्रार नाही असं लिहून दिलं. म्हाताऱ्याला ताकीद देऊन सोडलं.

निघताना पोरगा साहेबांच्या पाया पडला. "तुमच्यामुळं वाचलो." साहेब माझ्याकडं बोट करेपर्यंत तो माझ्याकडं वळलाही होता.

"काका, एस.टी. स्टँड कुठल्या अंगाला?"

मी रस्ता दाखवला. तो गेला, आणि माझं तोंड कडू झालं. तेव्हा कळलं, त्या म्हाताऱ्या माळ्याला ओळखायला मला झाडं बघायचीही गरज नव्हती.