बुढ्याचा एकच प्रश्न

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपले साठत जातात. साठले की ऐकवायला माणूस लागतं, आणि माझी पंचाईत नेमकी तिथंच आहे. आज तुम्ही तावडीत सापडलात, तेव्हा बसा!

मी मूळची सांगलीकडची. इथं राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तिरोड्याजवळच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि तिरोड्यात भाड्याच्या खोलीत एकटी राहते. आई होती तोवर सुट्टीत गावी जायचे. आई गेली आणि जायचं कारणही गेलं. खरं सांगते, या मुलखात माझी म्हणावी अशी माणसं म्हणजे शाळा सुटल्यावर थांबणारी पोरं, आमची रोबोटिक्स टीम. टीम आहे तोवर माझ्या संध्याकाळी आहेत, एवढं मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

*

सुरुवात एका खोक्यापासून झाली. वरून कुठूनतरी शाळेला मोटर, चाकं, वायरी आणि सेन्सर असं सामान आलं. हेडसरांनी ते लगेच कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मी म्हटलं, "सर, पोरांना वापरू द्या की."

"वापरलं तर खराब होईल, मॅडम!"

नववीतली पल्लवी दारात उभी होती. ती म्हणाली, "सर, आत ठेवून बी जंगच लागंल नं?"

सरांनी बराच विचार केला आणि चावी माझ्या हातात दिली. "ठीक आहे. चाललं तर शाळेचं नाव, जळलं तर तुमचं!"

पोरांनी महिनाभर खपून रोबोट बनवला. तो वीतभर चालला, थरथरला आणि थांबला. पल्लवी म्हणाली, "हा तं बुढाच हाये!" तेव्हापासून त्याचं नाव बुढा.

*

बुढ्याला जमिनीवरच्या रेघेवरून चालायला शिकवायचं होतं. आमच्याकडे रेघ म्हणजे फक्की! कबड्डीचं मैदान आखतो ना, ती चुन्याची पांढरी पूड. पोरांनी व्हरांड्यातल्या काळ्या फरशीवर फक्कीनं झकास वळणं आखली आणि बुढा त्यावरून न चुकता चालायला लागला. आम्ही नागपूरला स्पर्धेला निघालो, ते बक्षीस आणायलाच!

तिथं हॉलमध्ये पांढराशुभ्र फ्लेक्स अंथरलेला आणि त्यावर काळी रेघ. बुढ्याला पांढरं म्हणजे रस्ता, एवढंच ठाऊक. त्यानं काळ्या रेघेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उरलेल्या सगळ्या फ्लेक्सवर मनसोक्त हिंडला आणि शेवटी परीक्षकांच्या टेबलाखाली जाऊन बसला.

परीक्षक म्हणाले, "अरे, हा रेघ सोडून सगळीकडे जातोय!"

पल्लवी तावातावानं म्हणाली, "सर, आमचा बुढा बराबर हाये. तुम्हीच रेघ उलटी आखून राहिले!"

*

रोवणीचे दिवस आले की टीम गायब. एकदा वर्गात मी आणि बुढा असे दोघंच उरलो. बुढ्याला कपाटात ठेवलं आणि पोरांना शोधत शेताकडे गेले. सगळी टीम गुडघाभर चिखलात, वाकून धानाची रोपं लावत होती. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभी.

पल्लवीची आई म्हणाली, "मॅडम, उभ्या काऊन हा? उतरा नं!"

उतरले. साडी खोचली आणि एक अख्खी ओळ लावली. कंबर मोडली, पण त्या दिवसासारखी दुपार मला पुन्हा मिळाली नाही. सगळ्यांबरोबर धुऱ्यावर बसून भात खाल्ला. निघताना वळून पाहिलं, तर पल्लवीची आई माझी ओळ उपटून पुन्हा लावत होती.

पल्लवी म्हणाली, "राग नका धरू, मॅडम. ते ओळ बुढ्याले बी नसती सापडली!"

*

एकदा पाहणीला साहेब आले. बुढ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "याचा गावाला उपयोग काय?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आठवीतला निखिल बोलला. "सर, सांगितलं तं हा ऐकते. गावात असा दुसरा कोणीच नाही!"

साहेब हसले. हेडसर हसले नाहीत.

*

याच निखिलनं बुढ्यात स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून घातला. पुढच्या स्पर्धेचा नियम होता की समोर काही आडवं आलं तर रोबोटनं थांबून सूचना द्यायची. सरावाला आडवं उभं राहायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी उभी राहायचे, बुढा यायचा, थांबायचा आणि निखिलच्या कोवळ्या आवाजात विचारायचा, "मॅडम, जेवल्या का?"

मला वाटलं, सरावापुरती मस्करी आहे, स्पर्धेआधी बदलतील. कसलं काय! नागपूरला बुढ्यासमोर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. बुढा ऐटीत गेला, थांबला आणि भर हॉलमध्ये खोक्याला म्हणाला, "मॅडम, जेवल्या का?"

अख्खा हॉल खदखदून हसला. परीक्षकांनी चष्मा काढला. "बाळ, ही सूचना आहे का?"

निखिल म्हणाला, "सर, आमच्याकडे माणूस भेटला की पहिले हेच विचारतात. बाजूला हो म्हणून मंग सांगतात."

हरलो, हे सांगायला नको. परतताना बसमध्ये मी त्याला विचारलं, "अरे, दुसरं काही नाही सुचलं?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुम्हाले घरी कोण विचारते, मॅडम?"

मी पर्समध्ये तिकीट शोधायला लागले. तिकीट हातातच होतं.

*

दहावी झाली की पोरं जातात. पल्लवी बारावी करून नर्सिंगला गेली. कुणी आयटीआयला, कुणी हैदराबादला कामाला. सुरुवातीला फोन येतात, मग दिवाळीला मेसेज येतो, मग त्यांचा नंबर बदलतो. त्यांचं चुकत नाही. आपणही असेच कुणाच्या तरी शाळेतून निघून आलेलो असतो. पण शाळा सुटली की सरावाच्या वेळी पाय आपोआप टीमच्या खोलीकडे वळतात, त्याचं काय करायचं?

गेल्या वर्षी टीममध्ये निखिल एकटाच उरला. शाळेची पटसंख्याच घटलेली. एकट्याच्या टीमला स्पर्धेत घेत नाहीत. मी वर्गावर्गात जाऊन पोरांना विनवलं, पण नवं कुणी आलं नाही. हेडसर म्हणाले, "मॅडम, खोली रिकामी करा. पोषण आहाराचा तांदूळ ठेवायचा आहे."

सामान आवरायला निखिल आला. मिसरूड फुटलेलं, आवाज घोगरा झालेला. बुढ्याला सुरू केलं तर तो जुन्याच कोवळ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, जेवल्या का?"

निखिल हसला. "ह्या आवाजाचा पोट्टा आता राहिलाच नाही, मॅडम." मग गंभीर होऊन म्हणाला, "बुढ्याले घरी घेऊन जा. इथं उंदरं वायर खातीन."

*

बुढ्याला खोलीवर आणलं. दुसरी जागाच नव्हती, म्हणून भिंतीकडे तोंड करून टेबलावर ठेवला आणि चालतोय का बघायला बटण दाबलं. समोर भिंत आडवी! त्यानं विचारलं, "मॅडम, जेवल्या का?" जरा थांबून पुन्हा विचारलं. भिंत काही हटेना आणि त्याचं विचारणं काही थांबेना. बंद करायला हात पुढे केला, पण बंद करवेना. मग तसाच बोलता ठेवून मी वह्या तपासत बसले.

भिंतीपलीकडे घरमालकीण काकू राहतात. इतक्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे "मॅडम, पाण्याची मोटर बंद करा," एवढंच.

दिवेलागणीला दार वाजलं. उघडलं, तर काकू.

"मॅडम, कोणाचं लेकरू आलं हाये तुमच्याकडे? कवाचं बिचारं विचारून राहिलं, जेवल्या का, जेवल्या का. अन् तुम्ही त्याले एक जवाब नाही देऊन राहिल्या! काऊन?"

त्या सरळ आत आल्या आणि खोलीभर नजर फिरवत म्हणाल्या, "कुठं हाये ते?"

त्यांच्या हातात भात आणि बोदलकशाच्या तलावातली मासळी वाढलेली ताटं होती. दोन.